गाठ आजीची, सही आजीची

हायडेलबर्ग, रविवार

ती. बाबांस सा. न.

आजीच्या ऑपरेशनची तारीख ठरली, बरं झालं. थायरॉइडची गाठ काढल्यावर उरलेला तुकडा संशोधनाला द्यायचा का, फॉर्मवर सही करू का, असं तुम्ही विचारलंत. पुण्याहून आत्याचा निरोप, अजिबात नको. मला विचाराल तर द्यावा. पण सही तुमची नको, आजीची हवी. गाठ तिची आहे.

मी रोज ज्या पेशी वाढवते, त्या हेला पेशी. हेन्रिएटा लॅक्स ही पाच मुलांची आई १९५१ साली, ३१व्या वर्षी, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने गेली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये तिच्या गाठीतला तुकडा न विचारताच काढून घेतला होता, त्यातल्याच या पेशी. तोवर माणसाच्या पेशी लॅबमध्ये फार टिकत नसत. या मात्र दिवसभरात दुप्पट होतात, अजूनही. पोलिओच्या लशीची चाचणी यांच्यावरच झाली, आणि घरच्यांना वीसेक वर्षं पत्ताच नव्हता! फ्लास्कमधलं गुलाबी द्रव पिवळट दिसलं की समजायचं, आम्ल वाढलंय, बदलायला हवं. तेवढ्यासाठी आज सुट्टी असून आले आहे.

आत्याला वाटतं, आजीच्या पेशीही अशाच कुठेतरी जगत राहतील. तसं सहसा होत नाही. तुकडा बहुधा फॉर्मॅलिनमध्ये घालतात, मेणात बसवतात आणि केसाहून पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. निदानापुरतं पॅथॉलॉजीकडे आधी जाईल ना, तेवढं मात्र डॉक्टरांना विचारून घ्या.

फॉर्म इंग्रजीत असेल तर मराठीत मागा, नाहीतर गुजरातीत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार माणसाला कळेल त्या भाषेतच संमती घ्यायची असते. नाही म्हटलं तरी उपचारात फरक पडता कामा नये. आजी रोज गुजराती पेपर वाचते खरी, पण सहीची गोष्ट आली की तिला मराठीच लागतं, हे आपल्या बडोद्याच्या दांडिया बाजारात कोणालाही विचारा.

ती विचारेलच, ‘मला काय मिळणार?’ काही नाही, असंच सांगा. गोड बोलून सही घेऊ नका.

ऑपरेशननंतर तिच्या बोटांना किंवा ओठांभोवती मुंग्या आल्या तर लगेच नर्सला सांगा. कॅल्शियम उतरतं कधीकधी. आईला हे वाचून दाखवा, रात्री तीच थांबणार आहे ना?

तुमची,
मीनू