तुझी चार पानं

दांडिया बाजार, बडोदे
१३ एप्रिल २०२५

प्रिय बुटके,

आधी कबुली देऊन टाकते, मग तू पुढचं वाच नाहीतर फाडून टाक. तुझ्या नाटकातलं आजीचं स्वगत आम्ही कापलं. चारही पानं. लांबू म्हणाला, फोन करून सांग. पण फोनवर तू नुसतं ‘बरं’ म्हणशील आणि मग महिनाभर बोलणार नाहीस, मी काय ओळखत नाही का तुला? म्हणून पत्र. आणि कापलं का, हे सांगायचं तर अख्खं वर्षच सांगावं लागेल, तेव्हा चहा घेऊन बस.

तू जूनमध्ये पुण्याला गेलीस तेव्हा उरलो तिघं. मी, लांबू आणि सायन्सचा चष्मिष, ज्याला दिव्यांत रस आहे, माणसांत नाही. जुलैभर कँटीनबाहेर उभं राहून पोरं गोळा केली. ‘नाटक करणार का?’ म्हटलं की पहिला प्रश्न, ‘सर्टिफिकेट मिळेल?’ तेवीस जणांनी नावं दिली, पहिल्या तालमीला अकरा आले, तिसरीला सात. सातांत मराठी घरचे चार. या चौघांची मराठी ऐकशील तर फाडफाड, पण वाचायला दिलं की शब्दाशब्दावर बोट. सगळे गुजराती मीडियमचे. त्यांनी काय करावं? तुझी संहिता गुजराती लिपीत उतरवून घेतली. तुझं मराठी, पण डोक्यावर रेघ नाही. बघून मला कसंतरीच झालं, घराचं छप्पर उडाल्यासारखं. आठवड्याभरात सवय झाली. आता तर मीच घाईत सूचना गुजरातीत खरडते.

आजी कोण, तर भरूचची एक फर्स्ट इयरची मुलगी. पक्की गुजराती, मराठीचा गंध नाही. ओरडू नकोस. पहिल्या दिवशी ती जमिनीवर बसली ती एक गुडघा वर घेऊन, त्यावर कोपर टेकून, पदर नसताना पदर सावरत. लांबू माझ्याकडे बघायला लागला आणि मी लांबूकडे. वाक्यं पाठ करणं तिला जड नव्हतं, अडलं ते ‘च’वर. गुजरातीत ‘च’ एकच, टाळूवरचा. त्यामुळे तिची आजी ‘चांगलं’, ‘चोर’, ‘चटणी’ सगळं ‘चंद्रा’तल्या ‘च’नं म्हणायची. मी तिच्या वहीत जिथे दातांजवळचा ‘च’ तिथे लाल पेनानं खाली टिंब द्यायला लागले. मग ‘ज’लाही. ‘जाऊ’ला टिंब, ‘जीव’ला नाही. तिनं विचारलं, ‘दीदी, रूल शुं छे?’ मला सांगता येईना गं. एवढी वर्षं दोन्ही ‘च’ बोलतेय, आणि कुठे कुठला हे प्रत्येक वेळी शब्द उच्चारून स्वतःच्याच तोंडाला विचारावं लागत होतं. दोनदा तर मीच टिंब खोडलं.

तालमीला खोली मिळाली नाही. अर्ज केले, शिक्के मारून घेतले, तो रडका अध्याय इथे नको. शेवटी कमाटीबाग. बँडस्टँडच्या बाजूला, शेंगदाणेवाल्यांच्या साक्षीनं. म्हाताऱ्या मंडळींना फेऱ्या मारता मारता आमची वाक्यं पाठ झाली होती. एक काका तर दलालाचं काम करणारा अडखळला की चालता चालताच पुढचं वाक्य सांगून जायचे. बंद व्हायच्या वेळेला बागेचा चौकीदार काठी आपटत यायचा, ‘चालो, हवे बंध करो!’ आणि ते नेमकं आजीच्या तोंडी वाक्य असताना. लांबूचं म्हणणं, त्याला क्यू कळतो.

ऑगस्टच्या शेवटी काय झालं ते तू बातम्यांत पाहिलंसच. विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली, बाग पाण्यात, रस्त्यांवर मगरी. आमच्या घरी पाणी नाही आलं, पण सेट ठेवला होता फतेगंजला, चष्मिषच्या तळमजल्यावर. तीन दिवसांनी गेलो तर प्लायच्या चौकटी पापडासारख्या वाकलेल्या, आणि वाड्याचा तो दरवाजा, जो तू रंगवला होतास, खालून फुगून बसलेला. चौकटीत बसतो, पण पूर्ण लागत नाही. नवीन करायला पैसे कुठे होते? तसाच वापरला. आता नाटकातला धाकटा मुलगा रागानं दार आपटतो आणि ते परत हळूच उघडतं. लोक दर वेळी खूश. असा नट आपल्याला कधी मिळाला नव्हता, आणि वर्गणी मागितली तर नाक मुरडत नाही.

आता मुख्य गोष्ट. गणपतीत आमच्या पोळातल्या (गल्लीतल्या) मंडळानं प्रयोग ठेवला. पुरानं सगळेच थकलेले, त्यांना काहीतरी हवं होतं. चष्मिषनं भाड्यानं सात पार दिवे आणले, हजार वॅटचा एक. त्यानं मला आधी नीट समजावलं होतं, सात हजार वॅट म्हणजे तीस अँपिअर, एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की पडणारा खटका, बत्तीसचा, आता या लाइनवर मोबाइल सोडून काही लावायचं नाही. मी मान हलवली. आणि प्रयोग चालू असताना मागे आजीची दुसरी नऊवारी चुरगळलेली दिसली म्हणून इस्त्री लावली. हो, मीच. खटकन सगळं गेलं. मंडपात मिट्ट काळोख, चष्मिषच्या तोंडून मी कधी न ऐकलेले गुजराती शब्द, आणि रंगमंचावर भरूचची पोरगी एकटी, तुझं स्वगत नुकतंच सुरू केलेलं. ती घाबरली. पुढचं वाक्य गेलं. पण हातात तुझ्या खऱ्या आजीचा अडकित्ता होता. अंधारात तिनं सुपारी कातरायला घेतली. कट्. मग थोडं थांबून, कट्. मंडपात तीनेकशे माणसं होती, पोरंटोरं धरून. एक हलला नाही. अख्खा वाडा विकला गेल्यावर म्हातारी अंधारात बसून सुपारी कातरतेय. मी विंगेत हातात गरम इस्त्री घेऊन उभी, आणि माझ्या अंगावर काटा. दीडेक मिनिटानं लाइट आले, तिला वाक्य आठवलं, तिनं स्वगत म्हटलं. आणि खरं सांगू? मंडपातली चुळबूळ तेव्हा परत सुरू झाली.

तेव्हा हे कोणी बोललं नाही. मीही नाही. चष्मिष दोन आठवडे माझ्याशीच बोलत नव्हता.

नवरात्रातलं विचारूच नकोस. नऊ रात्री तालीम म्हणजे बडोद्यात अशक्य गोष्ट. दिवाळीनंतर लांबूनं लायब्ररीतून एक नवीन वेड आणलं. तुला माहीत होतं का, की अभिनवगुप्ताच्या भाष्यासह भरतमुनीच्या नाट्यशास्त्राचा पहिला खंड १९२६ साली आपल्या बडोद्यातून निघाला? गायकवाड ओरिएंटल सीरीजमध्ये, रामकृष्ण कवींनी संपादित केलेला. लांबू येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटला, ‘जगाला नाट्यशास्त्र छापून देणारं गाव, आणि आम्हाला दहा बाय दहाची खोली नाही!’ त्याच्या पहिल्याच अध्यायात गोष्ट आहे. देवांचा पहिला प्रयोग, दैत्य चिडतात, विघ्नं येतात, नटांची वाचाच बसते, वाक्यं विसरतात. मग इंद्र ध्वजाच्या काठीनं विघ्नांना झोडपतो. त्या काठीचं नाव जर्जर. आणि त्यानंतर नटांच्या रक्षणासाठी विश्वकर्मा नाट्यगृह बांधतो. म्हणजे आधी बोंब, मग थिएटर. मला ते फार पटलं. लांबूला काठी पटली.

जानेवारीत स्पर्धा. आंतरविद्यापीठ महोत्सवाचाच नियम तिथेही, रंगमंचावर जास्तीत जास्त नऊ, मागे तीन, वेळ तीस मिनिटं. आम्ही स्टॉपवॉच लावून एकोणतीसवर आणलं होतं. उत्तरायण होऊन आठवडा झालेला, दोन दिवस गच्चीवर ‘काय पो छे’ करून निम्म्यांचे घसे बसलेले, तरी पोरं जीव तोडून उभी राहिली. आणि दलालाच्या प्रवेशाला प्रेक्षक हसायला लागले. म्हणजे खरंच हसले, थांबेनात. तूच शिकवलंस ना, हशा ओसरायच्या आत वाक्य टाकायचं नाही? पोरांनी नाही टाकलं. दाराला वेगळा हशा. हशाची तालीम कोणी घेतली होती का? बत्तीस मिनिटांच्या वर गेलं. गुण कापले, नंबर नाही. नियम तो नियम, चूक आमचीच. रात्री सगळे सेवउसळ खायला गेलो आणि कोणी तर्री परत मागितली नाही, यावरून समज.

दुसऱ्या दिवशी लांबू म्हणाला, स्वगत काढूया. मी त्याच्याशी दोन दिवस भांडले. म्हटलं, बुटकीनं ते लिहिताना तिची आजी दवाखान्यात होती, तुला काय कळतंय! मग चष्मिष, जो माणसांबद्दल कधी बोलत नाही, तो म्हणाला, ‘गणपतीत अंधारात जे झालं ते मला परत लावू दे. इस्त्री सोडून.’

तरीही मी मनात ठरवलं होतं की शेवटच्या प्रयोगात चारही पानं परत घ्यायची. २७ मार्च, जागतिक रंगभूमी दिन, सी. सी. मेहता ऑडिटोरियम. वेळेचं बंधन नाही, घंटा नाही, परीक्षक नाहीत. आदल्या रात्री रंगीत तालमीला दोन्ही करून बघितलं, एकदा स्वगतासह, एकदा नुसता अडकित्ता. आणि मी, तुझ्या बाजूची, मीच म्हटलं, नको. ऐक आता. ती पानं सुंदर आहेत. पण आजी त्यांत जे सांगते ते आपण पंचवीस मिनिटं डोळ्यांनी बघितलेलं असतं. तिच्या तोंडून आपण परत ऐकतो ते तुझं दुःख असतं, तिचं नाही. ती बाई असं बोलणार नाही गं. तिनं आयुष्यभर कोणाला काही सांगितलं नाही, आणि घर गेल्यावर प्रेक्षकांना चार पानं सांगेल? हे मला वर्षभर कळत होतं असं नाही. त्या भरूचच्या पोरीमुळे कळलं, जिला तुझे शब्दच येत नव्हते.

प्रयोगात असं केलं. मुलगे निघून जातात, दार आपटतं, हळूच परत उघडतं. या वेळी कोणी हसलं नाही. चष्मिष एकेक पार उतरवत नेतो, शेवटचा पिवळा फक्त तिच्या हातांवर. ती अडकित्त्यात सुपारी धरते, दाबते, कट्. अर्धं खांड घरंगळतं, ती बघत नाही. दुसरं कातरते. मग दिवा जातो आणि काळोखात आणखी एकदाच, कट्. तिनं स्वगतातलं एकच वाक्य ठेवलंय, स्वतःहून मागून घेतलं. ‘चांगलं झालं.’ टिंबवाल्या ‘च’नं.

प्रयोगाआधी लांबूनं काय केलं ते राहिलंच. बागेतल्या चौकीदाराला त्यानं बोलावलं होतं, काठीसकट. विंगेत काठी उभी करून कुंकू लावलं, नारळ फोडला, हा आमचा जर्जर म्हणून. काका बिचारे गोंधळले. पण शेवटपर्यंत बसले आणि निघताना मला म्हणाले, ‘पेला लांबा भाषणवाळुं केम काढी नाख्युं? मने तो गमतुं हतुं.’ ते लांब भाषण का काढलंत, त्यांना आवडायचं! म्हणजे बघ, एक माणूस आहे तुझ्या बाजूनं. रागावलीस तर त्याच्याकडे जा.

हिशेब: वर्गणी आणि झोळी मिळून आले ११,४६०, गेले ११,८००. फरकाचे ३४० मी घातलेत आणि ते तुझ्या नावावर लिहिलेत, संस्थापक म्हणून. माझी परीक्षा आता आहे, लांबूही सुटतोय. पुढच्या वर्षी भरूचवाली बघेल म्हणते. तिला मी वही, किल्ली आणि भाड्यानं दिवे देणाऱ्याचा नंबर दिलाय. वहीच्या पहिल्या पानावर तिनं गुजरातीत लिहिलंय, इस्त्री नहीं.

अडकित्ता तिच्याकडेच आहे. तुझ्या आजीचा आहे हे तिला सांगितलंय. मे महिन्यात येशील तेव्हा तिच्याकडून तूच घे, किंवा घेऊ नकोस. मी त्यात पडणार नाही. आणि येताना पुण्याहून माझं खाकी जॅकेट आण, दोन वर्षं झाली.

तुझीच,
खजिनदार