साउंडवाल्या दादांना एक जाहीर थँक्यू

दादा,

फोन करूनच बोलणार होते, पण फोनवर तुम्ही "अहो त्यात काय एवढं" म्हणून दोन मिनिटांत विषय संपवता हे आता माहितीये, म्हणून सगळ्यांसमोरच लिहिते, इथे मला मध्ये थांबवता येणार नाही. नाव टाकू नका म्हणालात म्हणून टाकत नाही. पण आठवडाभर जे कार्यक्रमांना आले त्यांना हॉलच्या मागे टेबलापाशी, हेडफोन एका कानावर आणि दुसरा कान उघडा, असा उभा असलेला माणूस आठवत असेल. नसेल आठवत तरी बरोबरच आहे म्हणा. लोक साउंडवाल्याकडे मान वळवून बघतात ते काहीतरी बिघडलं की, आणि यावेळी कोणाला मान वळवायची वेळच आली नाही.

शेवटच्या दिवशीचं आभारप्रदर्शन आठवतंय ना. पाहुणे झाले, देणगीदार झाले, परीक्षक झाले, हॉल देणारे झाले, आणि "ध्वनिव्यवस्था, प्रकाशव्यवस्था व ज्ञात-अज्ञात सर्व" इथपर्यंत येईतो निम्मे लोक उठलेले, खुर्च्यांचा खडखडाट, लहान मुलं पळतायत, कोणी चपला शोधतंय. आणि मी विंगेतून बघत होते, त्या गोंधळात आभार नीट ऐकू जावेत म्हणून तुम्हीच हळूच आवाज वर करत होतात! मला हसू पण आलं आणि वाईटही वाटलं. आभाराच्या यादीत साउंड कायम सगळ्यात खाली का असतो हे मला खरंच कळत नाही, कारण ती यादी ऐकू येते ती साउंडमुळेच.

मी आठवडाभर निवेदन करत होते म्हणजे तुमच्या कामाची सगळ्यात मोठी गिऱ्हाईक मीच. त्यामुळे मी जे बघितलं ते लिहिते, बाकीच्यांनाही कळू दे.

पहिला दिवस मुलांचा. सुट्टी लागलेली, मुलं सुटलेली, आणि प्रत्येकाला माइक हातात पाहिजे. टीव्हीवर बघून बघून सगळी मुलं माइकची जाळी मुठीत गच्च धरतात आणि मग तो शिट्टी मारतो आणि सगळे कानावर हात ठेवतात. आधीच्या कुठल्यातरी कार्यक्रमात मी बघितलंय, असं झालं की ऑपरेटर मागून ओरडतो आणि ते पोरगं रडायला येतं. तुम्ही स्टेजवर येऊन खाली बसलात आणि त्यातल्या एका वांड मुलाला म्हणालात, माइकच्या समोरून गा, आता बाजूने गा, आता मागून गा. मागून आवाज जवळजवळ गायबच झाला! सगळी पोरं गपगार. मग तुम्ही सांगितलंत की हा माइक समोरचं ऐकतो आणि मागचं ऐकत नाही, पण मागचं न ऐकण्यासाठी त्याला जाळीच्या मागच्या बाजूला फटी ठेवलेल्या असतात, मुठीने त्या बंद केल्या की त्याला सगळीकडचं ऐकू यायला लागतं, स्पीकरचंसुद्धा, मग स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकचा परत स्पीकरमध्ये, असं फिरत फिरत वाढतं आणि ती शिट्टी होते. त्यानंतर दिवसभर एकाही मुलाने जाळी धरली नाही. उलट दुपारी एका प्रमुख पाहुण्यांनी तसा धरला तर पहिल्या रांगेतून बारीक आवाज आला, "काका, फटी!" मला वाटतं पूर्ण आठवड्यातला सगळ्यात भारी क्षण तो.

समूहगानाच्या वेळचं पण सांगायलाच पाहिजे. पालकांचा आग्रह होता की प्रत्येक मुलासमोर माइक हवा, आमच्या मुलीचा आवाज येत नाही, आमचा मुलगा कोपऱ्यात पडला वगैरे. तुम्ही फक्त दोन कंडेन्सर माइक, म्हणजे लांबूनचाही बारीक आवाज पकडणारे, पुढे उंचावर लावलेत, तेच, ज्यांना मिक्सरमधून, म्हणजे सगळे माइक जोडतात त्या पेटीतून, ४८ व्होल्ट द्यावे लागतात, आणि पालकांना शांतपणे सांगितलंत की चालू माइक जितके जास्त तितका शिट्टीचा धोका जास्त, माइक दुप्पट केले की शिट्टीच्या आधी मिळणारा आवाज साधारण ३ डेसिबलने कमी होतो. त्यांना ते कितपत पटलं देव जाणे, चेहरे तर पडलेलेच होते. पण गाणं सुरू झालं आणि चाळीसेक मुलांचा एकच आवाज हॉलभर आला, कोणी पुढे नाही कोणी मागे नाही. नंतर तक्रार करायला कोणी आलं नाही, आणि पालकांच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट आहे.

साउंडचेकला हॉल रिकामा होता तेव्हा मी घाबरले होते. माझं एक वाक्य संपायच्या आत मागचं परत येत होतं, सगळं गुळमट. तुम्ही म्हणालात, "माणसं येऊ द्या, मग बोला." मला वाटलं धीर द्यायला म्हणताय. पण खरंच, हॉल भरला आणि तो घुमणारा आवाज बसला. माझ्या डोक्यातून ते जाईना म्हणून घरी येऊन वाचत बसले तर त्यात एक मस्त गोष्ट सापडली. १८९५ मध्ये हार्वर्डमध्ये वॉलेस साबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाला एक व्याख्यानाचा हॉल दुरुस्त करायला दिला होता, तिथे एक शब्द उच्चारला की साडेपाच सेकंद घुमायचा, म्हणजे विचार करा, पहिला शब्द संपायच्या आत पुढचे दहा-पंधरा शब्द बोलून होणार. तर हा माणूस जवळच्या नाट्यगृहातल्या सीटवरच्या गाद्या रात्री उचलून आणायचा, हॉलमध्ये मांडायचा, ऑर्गनची एक नळी वाजवायचा आणि स्टॉपवॉच लावून मोजायचा की किती गाद्यांना आवाज किती लवकर विरतो, आणि सकाळच्या आत सगळ्या गाद्या परत जागेवर. माणसं किती आवाज शोषतात तेही त्याने मोजलं. त्यातून त्याने जे सूत्र काढलं ते आजही हॉल बांधताना वापरतात, बॉस्टनचा १९०० साली उघडलेला सिम्फनी हॉल त्याच्याच हिशोबाने बांधलाय. म्हणजे कार्यक्रमाला येऊन नुसतं बसून राहणारा प्रेक्षकसुद्धा साउंडला मदत करत असतो! हे मी दुसऱ्या दिवशी निवेदनात सांगितलं तर लोकांनी स्वतःलाच टाळ्या वाजवल्या.

नाटकाच्या दिवशी मात्र टेन्शन होतं. तिसरी घंटा व्हायला थोडाच वेळ आणि स्पीकरमधून बारीक घुंईईई सुरू. लाइट वाढवले की घुंई वाढते, लाइट कमी केले की कमी. नाटकवाले वैतागले, दिग्दर्शक म्हणाला संवादात पॉज आहेत हो, पॉजमध्ये हेच ऐकू येणार. तेवढ्यात एक उत्साही कार्यकर्ता म्हणाला की लॅपटॉपच्या वायरची अर्थिंगची पिन काढून टाका, आवाज जातो, आम्ही नेहमी तसंच करतो. आठवड्यात तुमचा आवाज चढलेला मी तेवढा एकदाच ऐकला. "पिनला हात लावायचा नाही. घुंईने कोणी मरत नाही, शॉकने मरतं." मग तुम्ही साउंडचं सगळं सामान विजेच्या एकाच पॉइंटवर घेतलंत, लाइट कमी-जास्त करणाऱ्या डिमरपासून वेगळं, माइकच्या केबल डिमरच्या वायरींना समांतर गेल्या होत्या त्या उचलून काटकोनात ओलांडून नेल्यात, आणि घुंई गेली. नाटक वेळेवर सुरू झालं. पॉज सुद्धा छान झाले. कार्यकर्त्याला नंतर बाजूला घेऊन समजावलंत तेही मी बघितलं, सगळ्यांसमोर झापलंत आणि समजावलंत मात्र एकट्याला, हे मला फार आवडलं.

चित्रप्रदर्शनात तुमचं काही काम नव्हतं. तरी आलात, सगळी चित्रं बघितलीत, आणि जाताना दारातल्या वायरवर चिकटपट्टी मारून गेलात कारण कोणीतरी अडखळलं असतं. यावर मी काही जास्त लिहीत नाही.

मैदानावरची संध्याकाळ म्हणजे सगळ्यात मोठा कार्यक्रम, आणि सगळ्यात मोठी कटकटही. मैदान लांब, पुढच्यांचे कान फुटतील आणि मागच्यांना काही ऐकू येणार नाही अशी परिस्थिती, कारण उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. म्हणून मध्यावर आणखी दोन स्पीकर लावलेत. मला वाटलं झालं काम. तर नाही, तुम्ही टेप घेऊन मैदान मोजायला लागलात! आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे ३४ मीटरवरच्या माणसाला स्टेजवरचा आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचतो, पण वायरमधून मधल्या स्पीकरला तो लगेच पोचतो, म्हणून मागच्या माणसाला प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो, आधी स्पीकरचा आणि मग स्टेजवरचा. म्हणून मधल्या स्पीकरला मुद्दाम तेवढा उशीर द्यायचा. आणि त्यावर अजून थोडा, दहा-पंधरा मिलिसेकंद. हे "अजून थोडा" मला अजिबात कळलं नव्हतं. तुम्ही म्हणालात की जो आवाज कानावर आधी पडतो तिकडूनच सगळं येतंय असं माणसाला वाटतं, मागून आलेला थोडा मोठा असला तरी, आणि हेल्मुट हास नावाच्या जर्मन माणसाने १९४९ मध्ये हे अभ्यासून दाखवलं. मी मुद्दाम मागे जाऊन उभी राहिले. स्पीकर माझ्या डोक्यावर आणि गाणारी बाई लांब स्टेजवर ठिपक्याएवढी, आणि तरी आवाज तिच्याकडूनच येत होता. जादूच वाटली, खोटं कशाला बोलू.

त्याच संध्याकाळी वाद्यवृंदाच्या मुलांनी आवाज वाढवा, अजून वाढवा, मजा येत नाही असा गलका केला, आणि तुम्ही नाही म्हणालात. पहिल्या रांगेत लहान मुलं बसली होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा कार्यक्रमांसाठी जास्तीत जास्त सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सांगितली आहे, आणि तुम्ही त्याच्याही बरेच खाली ठेवलं होतंत. मुलं रुसली. मी तुमच्या बाजूने आहे, कायमची.

ज्येष्ठांच्या कवितावाचनाचं लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणारच नाही. एक आजी होत्या, आवाज इतका बारीक की शेजारी बसून मला ऐकू येईना, आणि माइक जवळ आणला की त्या मागे सरकायच्या, अजून जवळ आणला की अजून मागे. मी तीनतीनदा "माइकजवळ बोला" म्हणाले असते, सगळे निवेदक तेच करतात. तुम्ही आलात, त्यांच्या समोरचा स्टँड काढून टाकलात, आणि साडीच्या काठाला तो टिकलीएवढा माइक लावायला त्यांच्या नातीला सांगितलंत, स्वतः लावला नाहीत. आजींना वाटलं माइक गेला, सुटले. मग त्या जे वाचायला लागल्या ते अगदी घरात बसल्यासारखं, मध्येच थांबून "हे कडवं मला आता आवडत नाही" असंही म्हणाल्या, आणि हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत तेही गेलं. लोक केवढे हसले. वाचून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, एवढ्या मागच्यांना ऐकू कसं गेलं गं? मी तुमच्याकडे बोट दाखवलं तर तुम्ही खाली वाकून केबल गुंडाळायला लागलात.

केबलवरून आठवलं, ती एक वेढा सरळ एक वेढा उलट अशी गुंडाळायची पद्धत तुम्ही आमच्या सगळ्या कार्यकर्त्यांना शिकवलीत त्याबद्दल वेगळे आभार. आधी आम्ही कोपराभोवती गरागरा गुंडाळायचो आणि पुढच्या वेळी अर्धा तास गाठी सोडवत बसायचो, आता केबल फेकली की सरळ उलगडते. कॉलेजची मुलं घरी चार्जरची वायरसुद्धा तशीच गुंडाळतायत म्हणे.

एक तक्रार आहे, ती पण जाहीरच करते. तुम्ही काहीही मागत नाही. बसायला खुर्ची नव्हती तर आठवडाभर उभे राहिलात, टेबल अगदी भिंतीला चिकटवून दिलं होतं जिथे आवाज कधीच खरा ऐकू येत नाही, तरी गप्प, दर गाण्याला हॉलच्या मध्यभागी चालत जाऊन ऐकून परत यायचात. पुढच्या वर्षी असं चालणार नाही. मी समितीला लिहून दिलंय की स्टेज कुठे, प्रेक्षक कुठे हे ठरवायच्या पहिल्या मीटिंगला तुम्ही पाहिजेत, सगळं ठरल्यावर "आता साउंड लावा" असं नाही. टेबल मध्यभागी, भले आठ खुर्च्या कमी बसू देत. आणि आभारप्रदर्शनाची यादी मी करणार आहे, तुम्ही सगळ्यात वर असाल आणि तेव्हा सगळे बसलेले असतील.

मीटिंगची तारीख ठरली की कळवते. "बघू, जमलं तर" असं उत्तर चालणार नाही. आणि तुमचा तो छोटा काळा कन्व्हर्टर, हेडफोनच्या पिनचा, माझ्या पर्समध्ये राहिलाय, शोधत बसू नका.

तुमची,
निवेदनवाली ताई