सहाव्या वर्षीची दाढ कोण वाचवणार?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी सोलापूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीचा वर्ग घेते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक दरवर्षी आमच्याकडे येते. वजन, उंची, डोळे, कान, त्वचा, सगळे तपासते. पथकाबद्दल माझी तक्रार नाही. हृदयाला छिद्र असलेली, ओठ दुभंगलेली कितीतरी मुले या पथकांनीच शोधली आणि त्यांच्या शस्त्रक्रिया फुकट झाल्या. २०१३ साली हा कार्यक्रम आपल्याच पालघरमधून सुरू झाला, याचा मला अभिमानही आहे. गाडी अडते ती दातांपाशी.

दातांची पाळी आली की मूल 'आ' करते, डॉक्टर बॅटरी मारतात, कार्डावर नोंद होते आणि हातात चिठ्ठी पडते. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांना ती मिळते. पुढे जायचे तालुक्याच्या रुग्णालयात. आईबाप कांदा काढायला नाहीतर ऊसतोडीला गेलेले. एकाची हजेरी बुडवून एसटीने पोरगं न्यायचं आणि 'आज डॉक्टर नाहीत, पुढच्या आठवड्यात या' ऐकून परत यायचं. गावात एकाच्या बाबतीत असे घडले की बाकीच्यांच्या चिठ्ठ्या दप्तरातच विरतात. पुढच्या वर्षी पथक येते, त्याच मुलाच्या त्याच दाताची पुन्हा नोंद होते. कागदोपत्री तपासणी शंभर टक्के.

दुखरा दात ओळखायला मला बॅटरी लागत नाही. खिचडीच्या वेळी वर्गावर नजर टाकली तरी पुरते. दुसरीतली एक मुलगी मटकी आली की एकाच बाजूने चावते, मान किंचित कलती करून. कविता म्हणताना ओठ मिटल्यासारखेच. पुढचे वरचे चारही दात हिरडीपाशी काळे पडून झिजलेले. तिच्या आईला बोलावले तर ती म्हणाली, "पडतीलच की ओ बाई, दुधाचंच हाईत." पुढच्या दातांपुरते तिचे म्हणणे खोटे नव्हते. पण त्याच तोंडात अगदी मागे, शेवटच्या दुधाच्या दाढेच्याही पलीकडे, नवी मोठी दाढ आली होती आणि तिच्या खाचांत काळे ठिपके दिसत होते. ती दुधाची नव्हे, कायमची.

ही दाढ साधारण सहाव्या वर्षी येते. तिच्या जागचा कुठला दात पडत नाही, त्यामुळे ती कधी आली हे घरात कोणालाच कळत नाही. खाचा खोल, ब्रश तिथवर पोचत नाही. नवीन दाढ तशीही कच्ची असते, म्हणून वर्ष-दोन वर्षांतच किडू लागते. मूल जन्मभर ज्यावर भाकरी चावणार, ती दाढ चौथीपर्यंत पोखरून निघते. मग कोणी लवंगेचे तेल लावते, कोणी आजीच्या डबीतली मशेरी. आठवडी बाजारात भुईरिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले 'किडे' पाडून दाखवणारेही भेटतात, आणि त्यांच्यापुढे रांग असते. रुग्णालयात डॉक्टर सापडत नाही. हा मात्र दर बाजारी न चुकता हजर!

हे काही आजचे नाही. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३च्या देशव्यापी पाहणीत पाच वर्षांच्या सुमारे ५२ टक्के, बारा वर्षांच्या ५४ टक्के आणि पंधरा वर्षांच्या ६३ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले होते. त्या वेळची बारा वर्षांची पोरे आज माझ्या वर्गातल्या मुलांचे आईबाप आहेत. तेव्हा चहात बुडवलेले बिस्किट होते, ते आजही आहे. भर पडली ती दुकानाच्या दारात लटकणाऱ्या पुड्यांच्या माळांची. शाळेत येताना गोळी, मधल्या सुट्टीत नळीतली पेप्सी, घरी जाताना क्रीमचे बिस्किट. साखर एकूण किती खाल्ली यापेक्षा दिवसातून किती वेळा तोंडात गेली, हे दातांच्या बाबतीत जास्त महत्त्वाचे असते. दर वेळी तोंडातले जंतू त्या साखरेचे आम्ल करतात आणि लाळेला ते धुऊन काढायला उसंतच मिळत नाही. आम्ही वाढदिवसाचे चॉकलेट बंद करून शेंगा, पेरू, बोरे आणायला सांगितली. पालकांनी ऐकले. दुकानदाराने तोंड फिरवले, ते असो.

उपाय महागडे नाहीत, याचाच जास्त राग येतो. नव्या दाढेच्या खाचा ग्लास आयनोमर सिमेंटने बुजवता येतात. त्याला वीज लागत नाही, ड्रिल लागत नाही, दंतवैद्यांची ती खुर्चीही लागत नाही. वर्गातल्या बाकावर मुलाला आडवे झोपवून काम होते. कीड लागलेलीच असेल तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा थेंब लावून ती थांबवता येते. डाग काळा पडतो, पण मागच्या दाढेचा काळेपणा कोण बघायला जातो? ही दोन्ही द्रव्ये आणि दातांना किडीपासून जपणाऱ्या फ्लोराइडची टूथपेस्ट जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली आहेत. राज्यात तीसहून अधिक दंत महाविद्यालये आहेत आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना वर्षभराची इंटर्नशिप सक्तीची आहे. त्यांतले दोघे-तिघे पथकाच्या गाडीत बसवले आणि पहिली-दुसरीच्या मुलांवर शाळेतच उपचार केले, तर चिठ्ठीची गरजच उरणार नाही.

दुसरे काम आमचे, शिक्षकांचे. स्कॉटलंडमध्ये बालवाड्यांतून रोज शिक्षकांच्या देखरेखीखाली फ्लोराइडच्या पेस्टने ब्रश करून घेतात, जोडीला दंतवैद्यांचे कामही चालते. शाळेत दाखल होताना दातांना उघड कीड नसलेली मुले तिथे २००३ मध्ये ४५ टक्के होती, २०१८ मध्ये ७१ टक्के झाली. तो श्रीमंत देश म्हणून सोडून देऊ. पण फिलिपिन्समध्येही सरकारी शाळांत मुले रांगेत उभी राहून हात धुतात आणि दात घासतात. हात धुवायच्या नळांची रांग आमच्या शाळेतही आहे. खिचडीनंतर तिथेच दोन मिनिटे ब्रश, वाटाण्याएवढी पेस्ट, थुंकायचे आणि खळखळून चूळ भरायची नाही, म्हणजे फ्लोराइड दातांवर टिकते. पेस्ट घेताना ट्यूबवर फ्लोराइड आहे की नाही एवढे बघायचे. वनौषधींच्या अनेक पेस्टमध्ये ते नसते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या ज्या गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे, तिथे मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

अशैक्षणिक कामांच्या नावाने बोटे मोडण्यात मी सगळ्यांच्या पुढे असते. या दोन मिनिटांना मात्र माझी ना नाही. फक्त त्याचे ऑनलाइन फोटो मागू नका.

२०२३च्या मे महिन्यात राज्य सरकारने 'स्वच्छ मुख अभियाना'चे सदिच्छादूत म्हणून सचिन तेंडुलकर यांना नेमले. चांगलेच झाले, जरी माझ्या वर्गाला सचिन हा वडिलांच्या वेळचा खेळाडू वाटतो. आता अभियानाने फलकापलीकडे येऊन प्रत्येक मुलाला वर्षाला दोन ब्रश आणि शाळेला पेस्ट द्यावी. आणि आरोग्य विभागाने दरवर्षी तपासलेल्या मुलांचा आकडा देताना शेजारी आणखी एक रकाना टाकावा: दातांसाठी पुढे पाठवलेल्यांपैकी किती मुलांवर खरोखर उपचार झाले, तालुकावार.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका, जि. सोलापूर