आज मी कोण?

प्रिय ऋता,

तुझा मेसेज वाचला. दोन महिन्यांत फोटो काढायची सात बुकिंग आली, आता नोकरी सोडून माझ्यासारखी फोटोग्राफी करू का, असं विचारलंयस. फोनवरच बोलले असते, पण फोनवर तुझं पिल्लू मध्ये येतं आणि आपण दोघी त्याच्याशीच बोबडं बोलत बसतो. म्हणून पत्र.

परवा माळा आवरताना बुटांच्या खोक्यात तुझे जुने फोटो सापडले. बेचाळीस भरले. सगळ्यांत तू त्याच स्टुलावर, खिडकीच्या डाव्या अंगाला. हसतेयस असे तीनच. कारण ते तुझे फोटो नव्हतेच. गिऱ्हाईक यायच्या आदल्या दिवशी मी तुला बसवून उजेड बघायचे. तू शाळेतून यायचीस, दप्तर टाकायचीस आणि विचारायचीस, "आई, आज मी कोण?" कधी तू वर्षाचं बाळ असायचीस, कधी नोकरीसाठी फोटो काढायला आलेली ताई. आजोबा व्हायचं असलं की तुला सगळ्यात आवडायचं, कारण बाबांचा चष्मा मिळायचा. काचांत अख्खी खिडकी पांढरी दिसायची. हनुवटी खाली घे म्हटलं की तू मानच खाली घालायचीस. शेवटी चष्म्याच्या दांड्या कानांवरून किंचित उचलून बघितल्या. काचा जराशा झुकल्या, चकाकी गेली, डोळे दिसले. ती युक्ती मी आयुष्यभर वापरली. शिकले तुझ्या नाकावर.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. वेळ फोटो काढण्यात जात नाही गं, तो नंतर जातो. रोलच्या काळात ३६ फोटो झाले की कॅमेरा आपोआप थांबायचा, धुणं-छापणं लॅबवाला करायचा. संध्याकाळ माझी असायची. म्हणजे तुझी. मग डिजिटल आलं, सगळ्यांना वाटलं काम हलकं झालं. झालं उलटंच. एका बैठकीचे चारशे फोटो घरी यायला लागले आणि लॅबवाल्याचं काम माझ्या मांडीवर येऊन बसलं. तू पलंगावरून "आई, झालं का?" विचारायचीस आणि मी कोणाच्या तरी गालावरची पुटकुळी पुसत "पाच मिनिटं" म्हणायचे. ती पाच मिनिटं किती मोठी होती ते मी एकदा महिनाभर वहीत लिहून काढलं. एका तासाच्या शूटमागे साडेपाच तास. मेसेजना उत्तरं, कॉपी करणं, निवड, रिटच, प्रिंट, आणि "काकूंचा हात जरा बारीक कराल का" ही फर्माईश. मी दर ठेवला होता एका तासाचा! उरलेल्या साडेपाच तासांचे पैसे कुणी दिले? तूच दिलेस.

तेव्हा आधी तीन महिने वही ठेव. दर त्या वहीवरून ठरव, शेजारच्या फोटोग्राफरकडे बघून नाही. तो हिशेब जमला तर नोकरी सोड, मी पहिली टाळी वाजवीन. बुकिंगला अॅडव्हान्स घे, फोटो किती आणि कधी मिळणार ते लिहून दे. नात्यातल्यांना फुकट काढून द्यायचेच असतील तर खुशाल दे, पण "बघू" म्हणू नकोस. "बघू" म्हटलेलं काम रात्री बारा वाजता करावं लागतं.

रात्री बाराचं एक उदाहरण तुला माहीत नाही. तुला ताप होता, मी एका हाताने कपाळावर पट्ट्या ठेवत होते आणि दुसऱ्या हाताने दुसऱ्या दिवशीसाठी कॅमेऱ्याची मेमरी कार्डं रिकामी करत होते. एक कार्ड कॉपी न करताच पुसलं. एका कुटुंबाच्या तीन पिढ्यांचा एकत्र फोटो त्यात होता. पैसे परत केले, पुन्हा काढून देते म्हटलं. त्या बाई म्हणाल्या, "सगळे पुन्हा एकत्र कधी येणार?" आणि फोन ठेवला. तेव्हापासून प्रत्येक फाइलच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. आणि झोप आल्यावर कार्डाला हात लावायचा नाही.

नवी लेन्स आत्ता घेऊ नकोस. चेहऱ्यात नाक मोठं येतं म्हणून ८५ मिलिमीटरची हवी म्हणतेस, पण नाक लेन्समुळे फुगत नाही. तू फार जवळ उभी राहतेस. दोन मीटर मागे सरक आणि फोटोच्या कडा नंतर कापून घे. उरलेल्या पैशांत कामाच्या दिवशी बाळाला सांभाळणारं माणूस ठेव, त्याने तुझे फोटो जास्त सुधारतील. तान्ह्या बाळांची कामं घेणार असशील तर एक नीट ऐक. हातांवर हनुवटी टेकून झोपलेल्या बाळाचे जे फोटो दिसतात ते बहुधा दोन फोटो जोडून केलेले असतात, प्रत्येकात कुणाचा तरी हात डोक्याला किंवा मनगटाला असतो, तो मागाहून पुसतात. आई कितीही म्हणाली तरी हात सोडायचा नाही.

अमेरिकन फोटोग्राफर इमोजेन कनिंगहॅमचं नाव तू ऐकलं असशील. १९१०मध्ये सिएटलला तिने स्वतःचा पोर्ट्रेट स्टुडिओ काढला. पुढे लग्न, १९१५मध्ये एक मुलगा, १९१७मध्ये जुळे. तीन पोरांमुळे घराबाहेर पडणं होईना तेव्हा तिने बागेतल्या रोपांचे फोटो काढायला सुरुवात केली, आणि १९२०च्या दशकातली तिची मॅग्नोलियाची फुलं आज जग बघतं. नव्वदी ओलांडल्यावरही ती पोर्ट्रेट काढत होती. मी हे वाचलं तेव्हा तू चार वर्षांची होतीस. धीर आला, आणि खरं सांगू, रागही आला. तिच्याकडे बाग होती, माझ्याकडे एक खिडकी आणि तू. मग तुलाच काढत बसले.

तू बारा वर्षांची असताना नमुन्याच्या अल्बममधला तुझा फोटो काढून टाक म्हणालीस. वर्गातल्या मुलीने बघितला होता. मी दोन दिवस घुश्शात होते, माझा सर्वांत चांगला फोटो होता तो! तिसऱ्या दिवशी काढला. आता तूही पिल्लाला खिडकीशी बसवशीलच, बसव. पण ते फोटो गिऱ्हाइकांना दाखवायचे का, हे त्याला विचारता येईल तोवर थांब.

स्टूल बाबांबरोबर पाठवतेय. एक पाय आखूड आहे, खाली पुठ्ठा घाल. खोकंही पाठवते, पण त्यात एक अडचण आहे. प्रत्येक फोटोच्या मागे मी पेन्सिलीने लिहून ठेवलंय, "एफ ४, पडदा अर्धा, सकाळी ११" किंवा "पांढरा पुठ्ठा उजवीकडे". तुझं वय एकावरही नाही. मी दातांवरून लावायचा प्रयत्न केला. चष्मा घातलेल्या एका फोटोत तुझे पुढचे दोन्ही दात नाहीत आणि कोपराला पट्टी आहे. ती पट्टी कशाची ते मला आठवत नाहीये. तुला आठवत असेल तर कळव, म्हणजे मागे लिहून ठेवते.

तुझी,
आई