ठाण्याच्या मनोरुग्णालयाचे जुने कक्ष पाडण्याआधी : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या जागी बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या धर्तीवर ३,२७८ खाटांचे नवे रुग्णालय उभारण्याचा निर्णय सरकारने घेतला, त्याचे मी मनापासून स्वागत करते. शंभर वर्षांहून जुन्या इमारतींतून आजच्या काळातले उपचार देणे अवघडच होते, त्यामुळे त्या तशाच राखाव्यात असे माझे म्हणणे नाही. मात्र रिकाम्या झालेल्या कक्षांवर हातोडा पडण्याआधी ते कक्ष, तेथील नोंदवह्या आणि तेथे राहिलेल्या माणसांच्या आठवणी यांचे रीतसर दस्तऐवजीकरण व्हावे, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे.

नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाने १९०१ मध्ये हे रुग्णालय सुरू झाले. भारतीय वेडेपणाविषयक कायदा १९१२ चा, त्याच्या जागी मानसिक आरोग्य अधिनियम आला तो १९८७ मध्ये आणि आजचा मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ चा; या तिन्ही कायद्यांचा अंमल या एकाच आवाराने पाहिला आहे. न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाने माणसाला आत पाठवण्यापासून ते त्याला समाजात राहण्याचा हक्क आहे असे कायद्याने मान्य करण्यापर्यंतचा हा प्रवास कुठे जतन झाला असेल, तर तो तिथल्या दाखल-नोंदींत आणि केसपेपरांत. मुंबई-ठाण्यात तीन पिढ्या एकमेकांना ‘ठाण्याला भरती करा’ असे चिडवत आल्या, पण भरती झालेल्यांचे पुढे काय झाले हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

माझे वडील तेथे अटेंडंट होते. त्यांच्या ट्रंकेत गणेशोत्सवातला एक कृष्णधवल फोटो आहे. कक्षाच्या ओवरीत सतरंजीवर रुग्ण आणि कर्मचारी एकाच रांगेत बसले आहेत. वडिलांच्या शेजारच्या माणसाच्या हातात टाळ आहेत, सदऱ्याचे वरचे बटण तुटल्यामुळे तिथे टाचणी लावलेली दिसते, आणि त्याची नजर कॅमेऱ्याकडे नसून पेटी वाजवणाऱ्याच्या बोटांवर आहे. घरचे कोणी न्यायला आले नाही म्हणून तो बरा होऊनही तेथेच राहिला, असे वडील सांगत. त्याचे नाव मला माहीत आहे. ते येथे लिहिण्याचा अधिकार मात्र मला नाही.

दाखल होणाऱ्याच्या अंगावरच्या वस्तूंची यादी करून त्यांचे गाठोडे बांधत आणि वर चिठ्ठी लावत, हेही त्यांनीच सांगितलेले. जोडवी, कुलूप नसलेली किल्ली, एसटीचे तिकीट, देवाचा टाक. न्यूयॉर्क राज्यातील विलर्ड येथील मनोरुग्णालय १९९५ मध्ये बंद झाले, तेव्हा माळ्यावर रुग्णांच्या चारशेच्या आसपास सुटकेस सापडल्या. त्या फेकून न देता राज्याच्या संग्रहालयात नेल्या गेल्या, म्हणून ज्यांची आधी फक्त रुग्ण एवढीच ओळख उरली होती त्यांचे कपडे, पत्रे आणि घरच्यांचे फोटो आज अभ्यासता येतात. आपल्या भांडारखोल्यांत असे काही उरले असेल, तर ते राडारोड्याबरोबर जाऊ नये.

सोडून दिलेल्या इस्पितळांना ‘भुताटकीची जागा’ म्हणून मोबाइलवर चित्रित करण्याची जी टूम निघाली आहे, तिची मला चीड येते. त्या खोल्यांत माणसे राहिली, जेवली, बरी झाली आणि काही तेथेच वारली. त्यांची भीती विकणे हा त्यांचा दुसऱ्यांदा केलेला अपमान आहे. उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र तिच्या संमतीविना माध्यमांना देऊ नये, असे २०१७ च्या अधिनियमाचे कलम २४ सांगते. म्हणूनच हे काम हौशी लोकांवर न सोडता शासनाने जबाबदारीने करावे.

त्यासाठी फार मोठा खर्च लागेल असे मला वाटत नाही. पुराभिलेख संचालनालयाने महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ नुसार सर्व नोंदवह्या ताब्यात घेऊन त्यांचे स्कॅनिंग करावे आणि संशोधकांना त्या दाखवताना रुग्णांची नावे झाकावीत. प्रत्येक कक्षाची मापे आणि छायाचित्रे घ्यावीत. त्यांत दर्शनी कमानींइतकेच लक्ष न्हाणीघरे, गजांच्या खिडक्या, स्वयंपाकघर आणि भिंतींवर कोणी काही कोरले असेल तर तेही टिपण्याकडे द्यावे, कारण पाहुण्यांना दाखवण्याजोग्या भागांचे फोटो कुठे ना कुठे असतातच. निवृत्त परिचारिका, अटेंडंट आणि स्वयंपाकी यांच्या मुलाखती सर्वांत आधी घ्याव्यात, कारण त्यांतले बरेच जण आता ऐंशीच्या घरात आहेत. दीर्घकाळ तेथे राहणाऱ्या ज्या रुग्णांची बोलण्याची इच्छा आणि संमती असेल त्यांनाही विचारावे. त्या जागेविषयी त्यांच्याइतके कोणालाच माहीत नाही. निम्हान्सकडून आपण उपचारांचा नमुना घेतच आहोत, तर तेथे आहे तसे छोटे वारसा संग्रहालयही नव्या आराखड्यात घ्यावे.

पाडकामाच्या निविदेतच ही अट घालून प्रत्येक कक्षाचे दस्तऐवजीकरण पूर्ण झाल्याचा दाखला मिळाल्याशिवाय तो पाडू नये, असे आदेश आपण द्यावेत. वडिलांच्या ट्रंकेतले फोटो आणि त्यांच्या हयात सहकाऱ्यांचे पत्ते, त्यांची संमती घेऊन, मी आपल्या कार्यालयाकडे सुपूर्द करण्यास तयार आहे.

आपली विश्वासू,
एका निवृत्त अटेंडंटची मुलगी, ठाणे