पुढं 'हेल्दी', मागं नऊ चमचे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

उन्हाळ्यात आइस्क्रीमऐवजी काय खावं, अशी एक यादी मध्यंतरी आपल्या पुरवणीत आली होती. ताक, कलिंगड, सब्जा यांच्या रांगेत फ्रोझन योगर्टही, म्हणजे गोठवलेलं गोड दही, होतं. यादी वाचून मी ते आणलं, महिनाभर खाल्लं, आणि मगच हे पत्र लिहायला घेतलं.

मी शाळेचे युनिफॉर्म शिवते. साखर पेठेत आमचं सहा मशिनचं युनिट आहे, खाली काम आणि वर घर. पत्ता साखर पेठ आणि रिपोर्टमध्येही साखर, असं आमच्या बायका हसतात. मार्चमध्ये तपासली तेव्हा तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ६.१ टक्के आली. ५.७ ते ६.४ म्हणजे काठावर, त्यापुढं मधुमेह. गोळी नको म्हणाले डॉक्टर, पण जेवणानंतरचं आइस्क्रीम सोडा. सोलापूरच्या मे महिन्यात हे सांगणं सोपं आहे. पारा बेचाळीसच्या पुढं, डोक्यावर पत्रा, आणि जूनच्या मध्याला शाळा उघडायच्या आत सगळा माल गेला पाहिजे. रात्री दहाला शटर ओढलं की ताकावर भागत नाही हो. चमच्यानं खायचं काहीतरी थंड, गोड लागतं.

तर शहरातल्या एका मोठ्या दुकानातून मी फ्रोझन योगर्टचा ५०० मिलीचा डबा आणला. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार एका दुकानाची नाही. डबा त्यांच्या स्वतःच्या नावाचा, आंबा फ्लेवर, १३५ रुपये. शेजारी नावाजलेल्या कंपनीचा तेवढाच डबा होता, तो जवळजवळ दुप्पट. शेजारीण म्हणाली, दुकानाच्या नावाचा माल म्हणजे हलकाच असणार, स्वस्त कसा मिळतो मग?

इथं मला थोडं बोलू द्या, कारण हा माझा धंदा आहे. आमच्या युनिटमधून जे शर्ट जातात, त्यांच्या कॉलरमध्ये आमचं नाव नसतं. ज्या व्यापाऱ्याची ऑर्डर, त्याचं लेबल. कटिंग आमचं, शिलाई आमची, काज-बटण आमचं, लेबल त्याचं. तोच शर्ट तीन दुकानांत तीन नावांनी आणि तीन भावांनी विकला गेलेला मी बघितलाय. या डब्यावरही तसंच होतं. विकणारा एक आणि बनवणारा दुसरा, दोघांचे पत्ते वेगवेगळे, खाली अन्नसुरक्षेचा चौदा आकडी परवाना क्रमांक. जाहिरातीचा खर्च नाही, मांडायची जागा दुकानाचीच, म्हणून भाव कमी. स्वस्त दिसलं म्हणून मी नाक मुरडणार नाही. मुरडलं तर स्वतःच्याच शर्टाला मुरडल्यासारखं होईल.

चवीचं सांगते. पहिला डबा वाया गेला, पण त्यात चूक माझी. भर दुपारी स्कूटीच्या डिकीत टाकून आणला, घरी आले तर लाइट गेलेली. वितळलेलं पुन्हा गोठवलं की त्यात बर्फाचे खडे होतात, दाताखाली कचकच. दुसरा डबा संध्याकाळी आणला, जुन्या चादरीत गुंडाळून. (सोलापुरात चादरीची कमी नाही.) तो चांगला निघाला. आइस्क्रीमसारखा तोंडात लोळत नाही, पटकन विरघळतो, आणि शेवटी दह्याचा आंबटपणा जिभेवर राहतो. मला आवडला. ओव्हरलॉक मशिनवर बसणारी म्हणाली, "आंबट लागतंय की ओ अक्का." सासूबाई घरात तेलुगूच बोलतात. त्यांनी एक चमचा खाल्ला आणि म्हणाल्या, पेरुगुत साखर घालून गारठवलं, एवढंच ना? पेरुगु म्हणजे दही.

एवढंच ना, हे खरं तर मीच आधी विचारायला हवं होतं.

डब्याच्या तोंडावर हिरव्या पट्टीत मोठ्या अक्षरात 'हेल्दी' आणि 'लो फॅट' लिहिलंय. मागची अक्षरं इतकी बारीक, की सुईत दोरा ओवायचा चष्मा लावला तरी जमेना. शेवटी मोबाइलवर फोटो काढून मोठा केला. घटक उतरत्या वजनानं लिहायचे असतात, जे जास्त ते आधी. आधी दूध, मग साखर, तिसऱ्या नंबरावर दही! पुढं दुधाची पावडर, लिक्विड ग्लुकोज, आंब्याचा गर, आणि ४१२, ४७१ असे नंबर. या नंबरांना लोक उगाच घाबरतात. ४१२ म्हणजे ग्वार गम, गवारीच्या बियांपासून होतो. पाणी धरून ठेवतो म्हणून बर्फाचे खडे कमी होतात. कापड छपाईचा रंग दाट करायलाही तोच वापरतात, तेव्हा सोलापूरकरांना तो परका नाही.

आकडे असे होते. शंभर ग्रॅमला चरबी ३ ग्रॅम, वरून घातलेली साखर १५ ग्रॅम. त्याच दुकानाचं आंब्याचं आइस्क्रीम काढून बघितलं: चरबी ११, साखर १७. म्हणजे 'लो फॅट' खोटं नाही. नुसतं 'आइस्क्रीम' म्हणवून घ्यायचं तर नियमानं किमान दहा टक्के दुधाची चरबी लागते, दह्याच्या डब्यात तेवढी नसते, आणि ज्यांना डॉक्टरांनी साय-लोणी तोडायला सांगितलंय त्यांचा यात खरंच फायदा आहे. पण माझं दुखणं चरबीचं नव्हतं. माझं साखरेचं होतं, आणि साखरेत फरक फक्त दोन ग्रॅमचा.

मग मी डबा वजनाला लावला. ५०० मिली म्हटल्यावर मला वाटलं अर्धा किलो. काट्यावर आतला माल भरला ३१० ग्रॅम. बाकी हवा. हवा लबाडीची नसते, घोटताना ती आत जावीच लागते, नाहीतर चमचा शिरणार नाही. पण साखर दर शंभर ग्रॅमला सांगायची आणि डबा मिलीत विकायचा, तर बाईनं हिशेब करायचा कसा? मी केला: पूर्ण डब्यात साडेसेहेचाळीस ग्रॅम साखर. पाच ग्रॅमचा चमचा धरला तर नऊ चमचे. डब्यावर एक सर्व्हिंग ६० ग्रॅमची लिहिली आहे. आमच्या घरातली वाटी भरली तर १३० ग्रॅम बसतं, म्हणजे एका वाटीत जवळजवळ चार चमचे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलंय, की दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्यानं अशी साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, २५ च्या आत ठेवली तर अधिक चांगलं. माझी रात्रीची एक वाटीच वीसपर्यंत जाते, आणि चहा त्यात धरलेला नाही. युनिटवर दिवसाचे किती चहा होतात ते इथं लिहीत नाही, डॉक्टरही आपला पेपर वाचतात.

इतकी साखर का घालतात, म्हणून एका रविवारी घरी करून बघितलं. फडक्यात बांधून चक्का केला, हापूसचा रस घातला, साखर अजिबात नाही, आणि फ्रीजरमध्ये ठेवला. सकाळी दगड. चमचा वाकला, शेवटी सुरीनं तोडून खाल्ला, आणि नुसता आंबट. माझा भाचा डेअरीचं शिकतो. तो म्हणाला, मावशी, साखर फक्त गोडीला नसते. साखरेमुळं पाणी उशिरा गोठतं, म्हणून माल मऊ राहतो. शिवाय जीभ गार पडली की गोड कमी लागतं, त्यात दह्याचा आंबटपणा झाकायचा, मग साखर वाढतेच. दह्यातल्या चांगल्या जंतूंचंही त्यानं सांगितलं: थंडीनं सगळे मरत नाहीत, बरेचसे झोपून राहतात, पण दही लागल्यावर ते पुन्हा तापवलं असेल तर संपले. म्हणजे हा माल बनवणाऱ्यांनी फसवणूक केली असं मी म्हणत नाही. धंद्याला जे लागतं ते त्यांनी केलंय, आणि मागं लिहूनही ठेवलंय.

माझं भांडण पुढच्या बाजूशी आहे. आम्ही शर्टाला '६७ टक्के पॉलिस्टर, ३३ टक्के व्हिस्कोज' असं लेबल लावतो. उद्या मी पुढच्या खिशावर 'कॉटनसारखा' असं भरतकाम करून दिलं आणि खरे आकडे शर्टाच्या आत बारीक छापले, तर शाळा गठ्ठा परत पाठवेल. पाठवलाच पाहिजे. खाण्याच्या वस्तूला मात्र चालतं. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं जुलै २०२४ मध्ये साखर, मीठ आणि संपृक्त चरबीचे आकडे ठळक, मोठ्या अक्षरांत छापायच्या प्रस्तावाला मान्यता दिली होती. या मे महिन्यात विकत घेतलेल्या माझ्या डब्यावर ते आकडे मुंगीएवढे आहेत. दुसरं, नियमानं हा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत छापला की भागतं, मराठी ज्याच्या-त्याच्या मर्जीवर. सोलापुरात विकायच्या डब्यावर 'साखर' हा एक शब्द मराठीत आणि त्यापुढं एक आकडा, 'हेल्दी' एवढ्याच मोठ्या टाइपात, इतकं छापायला शाई कितीशी लागेल? आणि मिलीच्या शेजारी ग्रॅमही लिहा. ग्राहक पंचायतीच्या मंडळींनी हे लावून धरावं आणि आपल्या पेपरनंही, म्हणून हा खटाटोप.

डबा मी बंद केलेला नाही. चहाच्या छोट्या कपात ६० ग्रॅम बसतं, तेवढंच, आठवड्यातून दोनदा. दुकानाच्या नावाचाच आणते. दुप्पट भावाच्या डब्याचीही मागची बाजू वाचली, साखर तिथंही चौदा ग्रॅम.

सध्या फ्रीजमध्ये जो डबा आहे त्याच्या 'हेल्दी'वर मी साइजचं एक कोरं स्टिकर चिकटवलंय आणि मार्करनं लिहिलंय, 'साखर ९ चमचे'. सासूबाईंना मराठी वाचता येत नाही, म्हणून त्यांच्यासाठी खाली नऊ रेघा ओढल्या आहेत.

आपली एक वाचक,
साखर पेठ, सोलापूर