जीर्ण पोथी गंगेत सोडण्याआधी एकदा आम्हाला दाखवा

दसऱ्याच्या साफसफाईत माळ्यावरून जुन्या पोथ्या खाली येतात. घरात कुणाला त्या वाचता येत नाहीत, कडा कसरीने खाल्लेल्या असतात आणि रद्दीत घालायला मन धजत नाही. मग कुणीतरी लाल फडक्यात बांधून त्या गंगेत, म्हणजे गोदावरीत, सोडून येते. यामागे श्रद्धाच असते, हे आम्ही जाणतो. पण वाळवी निदान चार पाने मागे ठेवते, गंगा एकही ठेवत नाही.

नेवासे ते पैठण या पट्ट्यातल्या घरांना आमची पहिली विनंती एवढीच आहे: यंदा विसर्जन थांबवा.

ही विनंती याच पट्ट्यात करण्याला कारण आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, नेवाशात ज्ञानेश्वरी सांगून पूर्ण झाली. 'सच्चिदानंदबाबा आदरें । लेखकु जाहला' असे ग्रंथाच्या अखेरीस स्पष्ट म्हटले आहे. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वर बसले असे परंपरा सांगते, तो पैस खांब आजही उभा आहे. सच्चिदानंदबाबांच्या हातची पोथी मात्र नाही. पुढे २९४ वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथांनी पैठणला ग्रंथ शुद्ध केला. 'ग्रंथ पूर्वींच अतिशुद्ध । परी पाठांतरीं शुद्ध अबद्ध' असे ते लिहितात, त्या अर्थी पाठभेद असलेल्या प्रती त्यांच्यासमोर होत्या. त्याही आज कुठल्या म्हणून दाखवता येत नाहीत. तिसरी गोष्ट तर अगदी अलीकडची आहे. बीडला मिळालेल्या एका पोथीवरून इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरी छापली. ही प्रत एकनाथांच्या आधीची आहे, असे त्यांचे म्हणणे होते. छापील पाठ आपल्या हातात आहे, पण मूळ पोथी अभ्यासकांना उपलब्ध नाही. त्यामुळे कागद कसला, शाई कोणती, अक्षराचे वळण कोणत्या काळचे हे तपासता येत नाही आणि राजवाड्यांच्या दाव्यावरचा वाद मिटत नाही. त्या पोथीच्या प्रत्येक पानाचे छायाचित्र असते, तर निम्मा वाद तरी संपला असता.

सच्चिदानंदबाबांची पोथी कुणाच्या माळ्यावर सापडेल अशी आशा आम्ही धरलेली नाही. कुणी 'आमच्याकडे तीच आहे' म्हणाले तरी आधी शेवटचे पान मागू. आम्हाला हव्या आहेत मधल्या प्रती. शंभर-दोनशे वर्षांपूर्वीची साधी नक्कलसुद्धा एखाद्या फार जुन्या पोथीवरून उतरवलेली असू शकते. एकनाथी पाठाहून वेगळी ओवी तिच्यात टिकलेली असेल, तर तीच मोलाची.

शेवटच्या पानाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. नक्कल करणारा आपले नाव, गाव, शक आणि तिथी तिथे लिहितो. यालाच पुष्पिका म्हणतात. पोथीची पाने सुटी असल्याने पहिले आणि शेवटचे पान सगळ्यात आधी झिजते, फाटते, हरवते. म्हणून सुटे एकच पान उरले असेल तरी ते टाकू नका. मात्र शक वाचून लगेच हुरळूनही जाऊ नका. पुष्कळ लेखकांनी समोरच्या पोथीतली पुष्पिका तारखेसकट उतरवली आहे, त्यामुळे जुना शक असलेली पोथी प्रत्यक्षात बरीच नवी निघू शकते. पडताळा घरी घेता येतो. शकात १२ मिळवा, ६० ने भागा आणि बाकी पाहा. पंचांगातल्या साठ संवत्सरांच्या यादीत प्रभवापासून मोजत त्या क्रमांकाचा संवत्सर पुष्पिकेत असायला हवा. बाकी शून्य उरली तर साठावा, क्षय. एकनाथांचेच उदाहरण घ्या: १५०६ अधिक १२ म्हणजे १५१८, बाकी १८, आणि अठरावा संवत्सर तारण. त्यांच्या ओवीत 'तारणनामसंवत्सरीं' असेच आहे. मेळ बसला नाही तर कुठेतरी चूक किंवा बनाव आहे. मेळ बसला तरी उतरवलेल्या पुष्पिकेची शंका उरतेच, तिथे कागद आणि अक्षरच बोलतात. अक्षराच्या उजवीकडे किंवा वर मात्रा देण्याऐवजी अक्षराआधी उभी रेघ काढलेली दिसली, तर ती पृष्ठमात्रा. असे पान दिसले की लगेच कळवा. आणि एकनाथांच्या ओव्या शेवटी नाहीत एवढ्यावरून पोथी त्यांच्या आधीची ठरवू नका, कारण ते पानच गळालेले असू शकते.

पोथी कशी सांभाळायची हे लेखकांनी स्वतःच लिहून ठेवले आहे: 'तैलाद्रक्षेत् जलाद्रक्षेत् रक्षेच्छिथिलबंधनात्'. तेल, पाणी आणि सैल बांधणी. समई पोथीपासून हातभर लांब ठेवा. हळदकुंकू पानांना नको, वरच्या कापडाला लावा. ओल आलेली पाने एकमेकांना चिकटली असतील तर ओढून सोडवू नका. हातकागदाला खळ देऊन तो घोटलेला असतो, ओलसरपणात ती खळच डिंकासारखी धरते आणि ओढले की अक्षर पलीकडच्या पानावर जाते. गठ्ठा तसाच सावलीत, वारा लागेल असा ठेवा. उन्हात नको, कागद कडक होऊन मोडतो. खळ हेच कसरीचे खाद्य, म्हणून पोथी वर्षातून दोनदा उघडून मऊ कोरड्या कुंचल्याने झटकावी. वेखंड किंवा वाळलेला कडुनिंब पुरचुंडीत बांधून पोथीशेजारी ठेवा, पानांत घालू नका, डाग पडतात.

जिभेला बोट लावून पान उलटायची सवय मात्र आजच सोडा. चुकलेले अक्षर झाकायला वापरलेली पिवळी हरताळ म्हणजे सोमल जातीचे विष आणि लाल अंकांतला हिंगूळ पाऱ्याचा. हाताळून झाल्यावर साबणाने हात धुवा.

आधुनिक उपायांनी झालेले नुकसान आम्हाला वाळवीपेक्षा जास्त सलते. सेलोटेपचा गोंद काही वर्षांत पिवळा पडून कागदात उतरतो, पट्टी गळते आणि डाग राहतो. लॅमिनेशन तर परत काढताच येत नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत पावसाळ्यात दमट हवा कोंडून बुरशी येते. फाटलेले पान जसे आहे तसे कोऱ्या कागदात ठेवा, एवढे पुरे.

आम्ही पोथी मागत नाही, ती तुमच्याच देवघरात राहील. आमचे दोघे जण घरी येऊन तुमच्यासमोर छायाचित्रे काढतील. पाचशे पानांची पोथी म्हणजे हजार छायाचित्रे, पूर्ण दिवस धरा. बाहेरगावी किंवा परदेशी असाल तर स्वतः काढून पाठवा. खिडकीजवळ सपाट टेबल, फ्लॅश बंद, मोबाइल पानाच्या बरोबर वर, बाजूला मोजपट्टी. पानाचे चारही कोपरे दिसू द्या आणि कोरी बाजूही काढा. पाने ज्या क्रमाने सापडली त्याच क्रमाने काढा, आकडे पाहून आधी लावू नका. चुकलेला क्रमही काही सांगतो. कागदपत्रे काळी-पांढरी करणारे अ‍ॅप वापरू नका, त्यात हरताळ आणि लाल रेघा पुसल्या जातात.

कायद्याची धास्तीही नको. ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेले ७५ वर्षांहून जुने हस्तलिखित १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. घरात ठेवायला मनाई नाही. ते परदेशी पाठवता येत नाही आणि त्याचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. दारावर येऊन 'जुन्या पोथ्या घेतो' म्हणणाऱ्याला म्हणूनच नकार द्या.

आता मदतीविषयी. रोख देणगी आम्ही घेत नाही, वस्तू आणि वेळ हवा आहे. कोरे मांजरपाट हवे, दोनदा धुतलेले. नवे लाल कापड दमट हवेत रंग सोडते आणि तो पानांवर उतरतो. बारा इंच लांबीच्या पोथीला साधारण मीटरभर चौरस कापड लागते, दोन वेढे बसतात. खाली-वर ठेवायला जुन्या सागाच्या रंधलेल्या फळ्या, पानापेक्षा चारही बाजूंनी बोटभर मोठ्या. प्लायवूड नको, त्यातला गोंद कागदाला बाधतो. बांधायला रुंद सुती नाडी, सुतळीने कडा कापल्या जातात. छायाचित्रांसाठी तीन हार्ड डिस्क, त्यांतली एक दुसऱ्या गावी ठेवू. शिवाय फळ्या कापून देणारा सुतार, कापडाच्या कडा शिवून देणारे कुणी, आणि सगळ्यात निकडीचे म्हणजे जुनी बाळबोध (देवनागरी) किंवा मोडी वाचणारी माणसे. आठवड्याला दोन तास दिलेत तरी चालेल. आजी-आजोबांना वाचता येत असेल तर आम्ही पानांची छायाचित्रे मोठी छापून घरी आणून देऊ.

दर रविवारी सकाळी १० ते १ गावातल्या वाचनालयात आमच्यापैकी कुणीतरी असते. येताना पोथी आणू नका, एसटीच्या गर्दीत पाने मोडतात. पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या पानाचे मोबाइलवरचे छायाचित्र आणि पोथीची लांबी-रुंदी इंचात, एवढे आणा.

— पोथी जतनाचे काम करणारे कार्यकर्ते, नेवासे